हॉलमधलं गाऱ्हाणं

आमच्या दिंडोशीच्या घरात हळू बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्याला कारण बाबा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांवर काढली. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. पुढे गिरणी बंद पडली, आम्ही चाळीतली खोली सोडून दिंडोशीच्या वसाहतीत राहायला आलो, बाबा एका औषध कंपनीच्या गोदामात लागले. पण कान आणि आवाज गिरणीतलेच राहिले. कान निम्मे गेलेले, आवाज दुप्पट झालेला. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा मागितला की खालच्या मजल्यावरच्या बाईंना कळायचं, आणि संध्याकाळी जिन्यात भेटल्या की त्या आईला विचारायच्या, "आज चहाला उशीर झाला वाटतं?" आई चिडायची. पण ती तरी काय करणार? हळू बोललेलं बाबांना ऐकूच येत नसे, म्हणून तीही ओरडायची, आणि मी आणि माझा धाकटा भाऊ तसेच ओरडत मोठे झालो. आता माझ्या घरात मी एकटीच असते. मुलगी फोनवर म्हणते, "आई, ओरडू नकोस ना, येतंय मला ऐकू." मी आवाज खाली आणते आणि पुढच्या वाक्याला तो पुन्हा चढतो.

या आवाजाचा सगळ्यात चांगला उपयोग बाबा गाऱ्हाणं घालायला करायचे. आमच्या कोकणात देवापुढे नारळ ठेवून घरातला कर्ता माणूस देवाशी मोठ्याने बोलतो. काय झालं, काय चुकलं, काय हवं, सगळं सांगतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गाऱ्हाणं ज्याच्या कानावर पडलं त्याने गप्प बसायचं नाही, साथ द्यायची, नाहीतर मागणं अर्धं राहतं, असं बाबा सांगायचे. गावाकडे हे सणावाराला, लग्नकार्याला होतं. आमच्याकडे त्याला कुठलंही निमित्त चालायचं. भाऊ आजारातून उठला, गाऱ्हाणं. दाराला नवी कडी बसवली, गाऱ्हाणं. घरात पहिल्यांदा मिक्सर आला तेव्हा तो ओट्यावर मांडून, हळदकुंकू लावून, समोर नारळ ठेवून बाबांनी खिशातली पांढरी टोपी डोक्यावर चढवली. उघड्या डोक्याने गाऱ्हाणं घालायचं नाही आणि ऐकायचंही नाही, म्हणून ती टोपी कायम खिशात असायची. "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात नवो मिक्सर इलो हा. तेचो धक्को कोणाक लागाक देव नको. जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्या लेकरांका सुखात ठेव रे म्हाराजा!" आम्ही तिघं ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मग तोच नारळ फोडून आईने त्याच मिक्सरमध्ये वाटण वाटलं, काळ्या वाटाण्यांचं सांबार केलं, आणि आम्ही आंबोळ्या खात असताना बाबा अधूनमधून मिक्सरकडे कौतुकाने बघत होते.

अशा घरातून मी अंधेरीच्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला गेले. शाळा मराठी, गुण बरे, वाचायचं वेड. नातेवाईक म्हणाले, इंग्लिश घेऊन पोरगी काय करणार. बाबा म्हणाले, "तेका वाचूक आवडता, वाचूंदे." त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझी मात्र पहिल्याच आठवड्यात वाट लागली. वर्गातली मुलं-मुली कादंबरीतल्या माणसांबद्दल अशा थाटात बोलायची की जणू ती माणसं त्यांच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सरांनी विनोद केला की सगळ्यांचं हसून झाल्यावर मला तो कळायचा, आणि तेव्हा एकटीने हसणं बरं दिसत नाही म्हणून मी हसायचेच नाही. म्हणून मी गंभीर मुलगी आहे असा समज झाला. समज वाईट नव्हता, मी तो राहू दिला.

शलाका माझ्या शेजारी येऊन बसली ती आपण होऊन. बोरिवलीची, वडील बँकेत अधिकारी, घरात मराठी आणि शाळा कॉन्व्हेंट. तिला इंग्रजी बोलताना ऐकलं की मला वाटायचं, हिच्या तोंडात जीभ वेगळी बसवली आहे. कॅन्टीनमध्ये ती माझे निबंध वाचायची, खुणा करायची, आणि कधी हिणवायची नाही, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. "विजू, तुझे विचार एकदम झकास असतात गं, फक्त वाक्यं शेरवानी घालून येतात," म्हणायची. ती नकलाही उत्तम करायची. सरांचं चालणं, ग्रंथालयातल्या बाईंचं शिंकणं, आणि त्या नकलांना सगळ्यात जास्त हसणारी मीच. दिंडोशीला आमच्या घरी ती वरचेवर यायची. तिच्या घरी सगळे पेपर वाचत जेवतात, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि तुमच्याकडे कसं मस्त वाटतं, असं आईला सांगायची. आई त्यावर खूश. ती येणार म्हटलं की आई सुक्या बांगड्याची किसमूर करायची, आणि शलाका बोटं चाटत विचारायची, "काकी, अजून आहे?" बाबांशी ती कानाजवळ जाऊन मोठ्याने बोलायची. घरच्यांसारखी शिकली होती.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी ती अभ्यासाला आमच्याकडे आली होती. सकाळी बाबांनी नारळ ठेवला. ती उठून बाहेर जायला लागली, तर बाबांनीच थांबवली, डोक्यावर ओढणी घ्यायला लावली आणि आमच्या रांगेत उभी केली. माझ्यासाठी मागून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज आणखी चढवला. "आणि म्हाराजा, ह्या जा दुसरा चेडू आज तुझ्या म्होरे उभा आसा, ता आमच्या बायची मैतरीण. तेका पण पास कर. तेचा शिक्षाण पुरा होवंदे, तेच्या आई-बापसाक सुख दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" त्या वेळी सगळ्यात मोठा आवाज शलाकाचा होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ते खरं होतं असं मी आजही मानते, आणि म्हणूनच पुढचं मला अजून गिळता येत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्हाला लेखन शिकवायला एक नवे सर आले. कुर्ता, झोळी, हातात पुस्तक नाही, टेबलावर बसून शिकवायचे. आम्ही त्यांच्यावर लट्टू. ते म्हणाले, पुस्तकातून उचललेलं काही नको, तुमच्या घरात जे बोललं जातं ते इंग्रजीत आणून दाखवा, जे दुसऱ्या कुणालाच लिहिता येणार नाही ते. मी घरी आले आणि बाबांचं गाऱ्हाणं लिहायला बसले. माझ्या आयुष्यात इतकं अवघड मी काही केलेलं नाही. 'म्हाराजा'ला इंग्रजीतला राजा घातला की बाबा नाटकातले सरदार वाटायचे. बाबा देवाशी बोलायचे ते धाकाने नाही, हक्काने. ते हक्काचं बोलणं इंग्रजीत गेलं की भीक मागितल्यासारखं व्हायचं. कितीतरी कागद फाडले. शेवटी शलाकानेच सुचवलं, "व्हय म्हाराजा तसंच ठेव. त्याचं काही करूच नकोस." सल्ला अचूक होता. ते दोन शब्द जसेच्या तसे राहिले आणि भोवतालची वाक्यं आपोआप साधी झाली. मिक्सर, टोपी, गिरणीने नेलेले कान, आमच्यासोबत उभी राहिलेली मैत्रीण, सगळं त्यात आलं. सर वाचून म्हणाले, "हे विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात व्हायला हवं." मला आकाश ठेंगणं झालं.

कार्यक्रमात वाचणार कोण, हा प्रश्न सरांनीच सोडवला. माझे उच्चार हॉलमध्ये पोचणार नाहीत, शलाका वाचेल. मला वाईट वाटलं नाही. उलट मी बाबांशेजारी बसेन, ते ऐकतील, आणि कुठे काय चाललंय ते मी त्यांच्या कानात सांगेन, असं माझं ठरलं. मला एवढंच हवं होतं. ज्या कॉलेजात त्यांची मुलगी काय शिकते हे त्यांना कधी कळलं नाही, तिथे इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घ्यावं, आणि ते ऐकताना त्यांना बाबांनी बघावं. शलाकाला मी विचारलं, "आहे तसंच वाचशील ना?" ती म्हणाली, "अगं, आईशप्पथ. मी काय बदलणार त्यात?" मध्यंतरी मी तालमीला येऊ का म्हटलं, तर म्हणाली, "नको ना, तुला सरप्राइज." मी त्यावरही खूश झाले.

आई आली नाही. "माका इंग्लिश काय कळतला? तुमी जावा, आणि येवन सांगा कसा झाला ता," म्हणाली आणि वाटाणे शिजत टाकायला गेली. बाबांनी लग्नकार्याचा पांढरा सदरा काढला, टोपीला इस्त्री केली, घडी करून खिशात ठेवली. हॉलमध्ये आम्ही मधल्या रांगेत बसलो. पंख्यांचा आवाज, मागच्या बाकांवरच्या मुलांच्या शिट्ट्या, यातलं बाबांना काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते शांत होते. एक-दोन कविता झाल्या, त्यांनी सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या. मग पडद्यामागून शलाका आली.

तिने धोतर नेसलं होतं. ओठांवर काजळाची मिशी. डोक्यावर पांढरी टोपी, तिरकी. समोर स्टुलावर मिक्सर, त्याला हार घातलेला. तिने कानामागे हात नेऊन "ऑं? काय म्हणतंस?" असं ओरडून विचारलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. माझं एकही वाक्य गाळलं नव्हतं तिने. पण प्रत्येक वाक्य ती आमच्या बाबांच्या हेलात, वाकडं इंग्रजी करून, डोळे फिरवत म्हणत होती. गिरणीने कान नेले, यावर हसू. हातातल्या नारळाने स्वतःच्याच डोक्याला टपली मारली, यावर हसू. सर पहिल्या रांगेत होते. त्यांचे खांदे गदगदा हलत होते आणि ते रुमालाने डोळे पुसत होते. मी बाबांकडे बघायचं टाळलं. इंग्रजी त्यांना कळत नाही, लाज वाटण्यासारखं काही चाललंय हेही कदाचित कळणार नाही, बाई, लवकर संपव, एवढंच मनात म्हणत राहिले.

आणि मग तिने खरं गाऱ्हाणं सुरू केलं, मालवणीत, माइकमधून, मोठ्याने. "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात नवो मिक्सर इलो हा..." लिहिताना मी तिला म्हणून दाखवलेले शब्द, आमच्या घरी उभी राहून ऐकलेल्या हेलात, एकही न चुकता. बाबांना ते ऐकू आलं. इतका वेळ त्यांच्यासाठी नुसते ओठ हलत होते, आता अर्थ आला. माझ्या शेजारी हालचाल झाली. त्यांनी खिशातून टोपी काढली, डोक्यावर नीट बसवली, उभे राहिले, हात जोडले, आणि शलाकाचं मागणं संपल्याबरोबर साच्यांवरच्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आधी हॉलमध्ये काही क्षण कुणालाच कळेना. मग जो हशा उठला तो मी कसा सांगू? लोकांना वाटलं हा नाटकाचाच भाग, माणूस मुद्दाम बसवलाय. लोक वळून वळून बघू लागले, मागची मुलं बाकांवर चढली. शलाका थांबली होती. तिने बाबांना पाहिलं. ओळखलं, यात मला शंका नाही. तिचा चेहरा उतरला, तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्या वेळी तिने नुसता माइक खाली ठेवला असता, तर मी बाकी सगळं माफ केलं असतं. तिने हॉलकडे बघितलं. तो हशा ऐकला. आणि मग मिशीतल्या मिशीत हसून तिने बाबांच्या दिशेने हात पसरला, सगळ्यांना दाखवत, आणि पुढचं मागणं आणखी जोरात म्हटलं. बाबांनी पुन्हा साथ दिली. द्यायचीच असते ना. ते साथ देत होते तिच्या मागण्याला, आणि ती त्यांना पुरवून पुरवून वापरत होती. तिसऱ्या वेळी ते बोलले नाहीत. सगळी तोंडं आपल्याकडे वळली आहेत, आणि ती तोंडं देवाचं ऐकणाऱ्यांची नाहीत, हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी टोपी काढली, घडी केली, बसले. मी त्यांचा हात धरायला गेले तर तो त्यांनी हळूच मांडीवर ओढून घेतला.

कार्यक्रमानंतर शलाकाने मला गाठलं, मिशी अर्धी पुसलेली. "यार विजू, काय सॉलिड झालं! काका तर एकदम जबरी ना!" मी म्हटलं, "तू शपथ घेतली होतीस." "अगं, एक शब्द तरी बदलला का मी? नुसतं वाचलं असतं तर लोक झोपले असते. सरच म्हणाले, जरा हलकं कर." "तुझ्यासाठी मागितलं होतं गं त्यांनी," मी म्हटलं. तिला समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात सर आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, पोचलं की नाही लोकांपर्यंत?" मी बाबांना घेऊन फाटकाकडे निघाले. निवेदनात लेखिका म्हणून माझं नाव घ्यायचं राहून गेलं होतं, आणि त्या दिवशी तेवढंच एक बरं झालं.

दिंडोशीच्या बसमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. हायवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "ता तू लिवलंस, बाय?" आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. मी म्हटलं, "मी तसा लिवक नाय, बाबा." बस तेव्हा वेगात होती, खिडक्यांची तावदानं थडथडत होती. त्यांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं का, हे मला माहीत नाही. पुन्हा ओरडून सांगायला हवं होतं, पण बसभर लोक होते आणि आमच्याकडे आणखी कुणी वळून बघावं असं मला वाटलं नाही. घरी आईने विचारलं, "कसा झाला?" बाबा म्हणाले, "बरा झाला." सांबार-आंबोळ्या तयार होत्या. त्यांनी नेहमीइतक्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणून आईला सांगितलं.

शलाकाशी मी त्यानंतर बोलले नाही. ती आता लोकांना मंचावर बोलायला शिकवते, म्हणजे कंपन्यांतले लोक तिच्याकडे शिकायला येतात. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घराबद्दल जे लिहायचं ते मराठीत लिहिलं. मध्यंतरी कुणीतरी मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ओढलं. तिथे तिने लिहिलं होतं, विजूचे बाबा किती गोड होते, भर हॉलमध्ये उठून माझ्यासोबत अॅक्टिंग केली होती त्यांनी, आठवतं का गं? खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. म्हणजे इतकी वर्षं तिने तो प्रसंग जपला तोही असा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणाऱ्याला अजून वाटतंय की त्याने वेणी घातली. मी ग्रुप सोडला. मुलगी म्हणते, आई, सोडून दे ना आता. मी सोडणार नाही. बाबांनी तिच्या नावाने देवापुढे आवाज चढवला होता, आणि तिने तोच आवाज नेऊन हॉलमध्ये विकला.

त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी शेवटच्या वर्षाची परीक्षा आली होती. सकाळी आईने पाट मांडला, नारळ ठेवला, आम्हाला हाक मारली. बाबा टोपी घालून उभे राहिले. आम्ही तिघं बाजूला, हात जोडून. खालच्या बाईंनी नेहमीप्रमाणे रेडिओ बंद केला, कारण गाऱ्हाणं त्याही ऐकायच्या. बाबांचे ओठ हलायला लागले. आवाज आला नाही. मला वाटलं घसा बसलाय, आईला वाटलं ते विसरले; तिने हळूच विचारलं, "अहो?" त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि ओठ हलवत राहिले, पुष्कळ वेळ, डोळे मिटून. माझ्यासाठी काय मागितलं, त्यात यंदाही ते दुसरं चेडू होतं की नव्हतं, आम्हाला कुणालाच कळलं नाही. साथ कुठे द्यायची तेही कळेना. आई अंदाजाने एकदा म्हणाली, "व्हय म्हाराजा." भाऊही तिच्यामागून पुटपुटला. मी तोंड उघडलं, पण त्यांची मान हलताना दिसेना, मागणं संपलं की अजून चालू आहे ते समजेना, आणि मी तशीच हात जोडून उभी राहिले.